सही माझी, पोट आईचं

मागच्या वर्षी आईचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं. सकाळी साडेसातला सिस्टर कागद घेऊन आल्या. "भाऊ, इथं, इथं आणि इथं सही करा." फॉर्म इंग्रजीत. ऑपरेशनचं नाव लिहायची ओळ कोरी. मी तिन्ही सह्या ठोकल्या. आई समोरच कॉटवर बसून वेणी घालत होती. पूर्ण शुद्धीत. तिला ना सिस्टरनी विचारलं, ना मी.

संध्याकाळी ती म्हणाली, "काय काढलं रे माझ्या पोटातलं?" मी म्हणालो, "खडे."

घरी आल्यावर डिस्चार्ज कार्ड वाचलं तेव्हा कळलं, अख्खं पित्ताशयच काढलंय. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, खड्यांचा त्रास असेल तर हेच करतात. म्हणजे ऑपरेशन योग्यच होतं. आई ठणठणीत आहे. पण तिला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर मी काय नाही म्हणणार होते?"

ग्रामसभेच्या कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या म्हणून मी आजवर किती बातम्या केल्या असतील! आणि आईच्या वेळी कोऱ्या ओळीखाली सही करणारा मीच.

मग कायदा शोधून वाचला. दिल्लीतली एक ४४ वर्षांची बाई १९९५ साली दुर्बिणीतून तपासणी करायला गेली. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकले. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये निकाल दिला: तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, तर आईची संमती चालणार नाही. ऑपरेशन तिच्या भल्याचं होतं, हा बचावही कोर्टाने मानला नाही. तिथे लेक निदान बेशुद्ध तरी होती. माझी आई तर जागी होती.

हे फक्त दिल्लीचं नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कॅन्सरची भीती घातली म्हणून तयार झालो, असं कितीतरी जणींनी सांगितलं. कागदावर त्यांचीही सही किंवा अंगठा असेलच. पण घाबरवून घेतलेल्या होकाराला संमती कसं म्हणायचं?

डॉक्टरांची बाजूही मला माहीत आहे. बाहेर रांग लागलेली असते, वर नातेवाइकांच्या हाणामारीची धास्ती. "बाईमाणसाला कशाला सांगता, ती घाबरेल," असं आपणच त्यांना सांगतो. पण न समजावता घेतलेली सही उद्या कोर्टात डॉक्टरांच्याही कामी येणार नाही.

कोर्टाने सांगितलंय ते आपल्या भाषेत चार प्रश्न आहेत. काय करणार आणि कशासाठी? दुसरा काही उपाय आहे का? मोठा धोका कोणता? नाही केलं तर काय होईल? जीव वाचवायची घाई असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. एरवी हे प्रश्न पेशंटसमोर, त्याला कळेल अशा भाषेत विचारा. आणि सही ज्याचं शरीर त्याची.

पुढच्या आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. ती चौथी शिकलेली. सही करायला तिला वेळ लागतो, एकेक अक्षर जुळवून काढते. फॉर्म मी तिला वाचून दाखवणार आहे. सिस्टरना तेवढं थांबावं लागेल.