वडापच्या गर्दीतली फियाट

आधी आवाज येतो. म्हसवडात सातारा-पंढरपूर रस्त्याला लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. एसटी, वडापच्या जीपा, उसाचे ट्रॅक्टर, मेंढरांना वाट करून देण्यासाठी वाजणारे हॉर्न, हे सगळं दिवसभर कानावरून जातं आणि कान ते ऐकतही नाही. मग एखाद्या दुपारी त्या सगळ्या डिझेलच्या घरघरीखालून कार्बोरेटरवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा मऊ आवाज येतो. हातातलं बेअरिंग काउंटरवर ठेवून मी दारात येतो. फियाट असते.

तीस वर्षं हे करतोय. गल्ल्याशेजारी एक वही असते. तारीख, गाडी, रंग, नंबर, कुठल्या दिशेला गेली, आणि मालक थांबला असेल तर तो काय म्हणाला, एवढंच तिच्यात लिहितो. धंद्याला तिचा उपयोग नाही. पण गाडी ओळखणं ही विद्या आहे आणि ती रस्त्यावरच शिकावी लागते, हे मला त्या वहीनंच शिकवलं.

सुरुवातीला मीही सगळ्यांसारखा गाडीचं तोंड बघायचो. एकदा पिलीवकडून आलेल्या एका अँबॅसिडरची चौकटीची जाळी पाहिली आणि वहीत ‘मार्क टू’ लिहून मोकळा झालो. मालक पाण्याच्या पंपाचं किट घ्यायला आत आले. त्यांनी आरसी बुक दाखवलं, तर गाडी बरीच नंतरची. मागं कधीतरी ठोकर बसली होती, तेव्हा मिस्त्रीनं भंगारातली जुनी जाळी बसवली होती. त्या दिवसापासून मी तोंडावर विश्वास ठेवत नाही. जाळी, बंपर, दिवे, चाकाच्या वाट्या, रंग हे सगळं बदलतं, तेही आमच्यासारख्या दुकानांतूनच. सहसा बदलत नाही ते छप्पर, खिडक्यांचा आकार आणि दाराच्या बिजागऱ्या. म्हणून आधी छताची रेघ बघायची, मग बिजागरी कुठल्या बाजूला आहे ते, आणि तोंड सगळ्यात शेवटी.

फियाटच्या बाबतीत तर बिजागरीच अर्धं काम करते. जुन्या ‘डुक्कर फियाट’चे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, बिजागरी मागच्या बाजूला. बाई माणूस त्यातून उतरताना आधी पाय बाहेर, मग पदर सावरत डोकं. नंतरच्या गाड्यांना सरळ दरवाजे आले. १९६४ साली डिलाइट आली, पुढं सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. इंजिन मात्र तेच, १०८९ सीसीचं. गिअर हँडललाच, तो अगदी शेवटच्या काळात खाली आला. पुढच्या दारातली तिकोनी काच हीसुद्धा मोठी खूण. उन्हाळ्यात ती वळवून घेतली की माणदेशातला वारासुद्धा गार वाटायचा, असं जुने लोक सांगतात, आणि मी त्यात बसून ते अनुभवलंय. ही गाडी कुर्ल्याला व्हायची. तो कारखाना काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ला शेवटची झाली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात माझ्या वहीत एक पद्मिनी आहे. दहिवडीकडून आली, मागच्या सीटवर पेंडीची दोन पोती होती.

जीप ओळखायला नाकाची उंची बघा. ज्या महिंद्राचं बॉनेट विंडस्क्रीनच्या पुढं उंच, पेटीसारखं उभं राहतं, ती जुन्या विलीजच्या सीजे थ्री-बीच्या वंशातली. तिच्यातलं पेट्रोल इंजिन उंच होतं, ते मावावं म्हणून बॉनेट वर उचललं. पुढं बहुतेकांनी त्यात डिझेल इंजिन टाकलं, पण नाक तसंच राहिलं. मॅटॅडोर तर आता महिन्यात एखादी. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना, म्हणून मागं जमीन सपाट आणि बुटकी. मेंढरं चढवायला, घोंगड्यांचे गठ्ठे टाकायला तिच्याइतकी सोयीची गाडी नंतर आली नाही, हे माझं मत पक्कं आहे.

शिकायचं असेल तर मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला या. सिद्धनाथाचा रथ निघतो आणि ‘चांगभलं’च्या गजरात सगळा मुलूख म्हसवडात उतरतो. माण, खटाव, आटपाडी, खानापूरचे गलाईवाले सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात सगळ्या देशभर पसरलेत. यात्रेला ते गावी येतात आणि नदीकाठच्या रानात तमिळनाडू, केरळ, आंध्रच्या पाट्यांच्या गाड्या लागतात. आमच्याकडं कधी न दिसलेली काँटेसा मी तिथं पाहिली. लांब, रुंद, चिखलानं माखलेली, आणि चाकाला नारळ फोडलेला. मालकांना विचारलं, “दादा, एवढ्या लांबून ही आणली?” ते म्हणाले, “आमच्या अण्णांची गाडी हाय. देवाला हीच येती.”

जुन्या गाडीचं साल विचारलं की माणदेशात आकडा क्वचित मिळतो. थोरल्याच्या लग्नात घेतली, ७२ च्या दुष्काळानंतर घेतली, राजेवाडीचा तलाव भरला त्या साली घेतली, असं उत्तर येतं. मी ते तसंच लिहून घेतो आणि मग पाटीशी ताडून बघतो. ‘एमएच-११’ असेल तर नोंद १९८९ नंतरची. नुसती तीन अक्षरं आणि पुढं आकडे असतील तर त्याआधीची. तरी पाटी नोंदीचा काळ सांगते, गाडी बनल्याचा नव्हे. हे विसरून चालत नाही.

काळ्या पाटीवर पेंटरनं ब्रशनं काढलेले पांढरे आकडे ही एक वेगळीच ओळख होती. नव्या सुरक्षा पाट्यांनी सगळे आकडे एका साच्याचे झाले. नियम योग्य आहे, चोऱ्या थांबायलाच हव्यात. पण जुनी पाटी काढून टाकताना तिचा फोटो कोणी ठेवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना २०२१ च्या नियमानं व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. मात्र त्या रोजच्या वापरात आणता येत नाहीत. ज्यांनी गाडी मूळ रूपात जपली, त्यांना हा मान मिळालाच पाहिजे. मी ज्यांची वही ठेवतो त्या या वर्गात बसणार नाहीत. त्यांच्यात दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याची जाळी, चौथ्याची सीट. गरजेनं जगलेल्या गाड्या त्या. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी स्वतःच्या हिमतीवर ‘मीरा’ नावाची छोटी मोटार घडवली. देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी जीप केली, आणि २०२२ साली आनंद महिंद्रांनी ती घेऊन त्यांना बोलेरो दिली. आमच्या भागाचा हात असा आहे. मूळ रूप हा एकच निकष लावला तर या हाताची नोंद कुठंच राहणार नाही.

एक सल आहे. दिघंचीच्या वाटेवर एका वस्तीवर, कडब्याच्या छपरात उलट्या दाराची फियाट उभी होती. म्हातारे मालक म्हणाले, “निवांत ये, सगळं सांगतो.” सुगीचे दिवस होते, दुकान सोडवेना. दिवाळीनंतर गेलो तेव्हा छपरात चार विटा होत्या आणि तेलाचा काळा डाग. गाडी भंगारवाल्यानं किलोवर नेली होती. आजोबाही राहिले नव्हते. वहीत त्या गाडीच्या नावापुढं रंग एवढाच लिहिलेला आहे, फिकट निळा.

तुमच्या घरी, गोठ्यात, चुलत्यांच्या वस्तीवर अशी एखादी गाडी उभी असेल तर ती विका, ठेवा, तो तुमचा प्रश्न. फक्त भंगारवाला यायच्या आधी एक काम करा. चासी नंबर आणि आरसी बुकातलं साल एका कागदावर उतरवून घ्या, दार उघडं ठेवून एक फोटो काढा, आणि ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा कोण कोण बसलं होतं, ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा.