फोवांची पंगत

सणाचे जेवण घरी करायचे ठरले की आपल्याकडे आधी यादी होते. कोणाकोणाला बोलवायचे, किती पाने मांडायची, श्रीखंड करायचे की बासुंदी. यादी वाढत जाते, तसतसा यजमानीणबाईंचा उत्साह ओसरत जातो. पाहुणे तृप्त होऊन निघतात, तेव्हा ती बिचारी स्वयंपाकघरात भिंतीला पाठ टेकून बसलेली असते. यावर काही तोड आहे काय, असे कोणी विचारले, तर मी त्याला दिवाळीत गोमंतकात जाऊन यायला सांगेन.

आमच्या महाविद्यालयातले एक स्नेही मूळचे फोंड्याकडचे. त्यांच्या आग्रहावरून एका वर्षी आम्ही उभयता नरकचतुर्दशीला त्यांच्या गावी गेलो. हा मुलूख आल्यागेल्याला सामावून घेणारा खरा. पोर्तुगीज अमलात देवळे मोडू लागली, तेव्हा जुवारी नदीपलीकडच्या देवांना याच भागाने आसरा दिला. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला आला, तो कायमचाच.

पहाटे वाडीतल्या मुलांनी रात्रभर जागून केलेला गवताकागदाचा नरकासुर जाळला. घरोघर अभ्यंगस्नाने झाली. तुळशीपुढे अंगठ्याखाली कडू कारीट चिरडले आणि आम्ही पाटावर बसलो.

पानावर पक्वान्न म्हणाल तर एकच : फोव, म्हणजे पोहे. नव्या भाताचे. पण त्यांची रूपे किती! नारळाच्या रसात गूळ घालून केलेले रोसातले, दुधातले, ताकातले, गूळखोबऱ्यात कालवलेले आणि शेवटी फोडणीचे तिखट. जोडीला काळ्या वाटाण्यांची उसळ आणि मोहरीच्या वाटणातले आंबाड्याचे सासव. त्याची आंबटगोड चव जिभेला पुन्हा गोडासाठी तयार करते. यात चुलीचे काम थोडे. वाटाणे रात्री भिजत घातलेले, गूळ चिरून ठेवलेला; सकाळी रोस काढला की पोहे भिजवायला असा वेळ तो किती लागणार?

उजाडते न उजाडते तोच शेजारी येऊ लागले. "बसात, फोव खायात," एवढेच आमंत्रण. कोणी अर्धा तास बसे, याचा एक घास, त्याचा एक घास घेई आणि "आता आमच्याकडे" म्हणून उठे. थोड्या वेळाने वहिनींनी पदर सावरला, दार ओढून घेतले आणि आम्हां सर्वांच्या पुढे त्याच निघाल्या! पहिल्या घरी त्या पाहुण्या, दुसऱ्या घरीही पाहुण्या. तिसऱ्या घरी ताकातल्या फोवांची चव घेऊन त्यांनी आल्याबद्दल बारीकशी सूचनाही केली, आणि तिथल्या बाई हसून म्हणाल्या, "मग तुमचे खाऊन पाहते."

परतताना आमची सौभाग्यवती म्हणाली, "इथे यजमानीणबाईंनाही दिवाळी असते हो."

त्या वाक्यावर मी बराच वेळ विचार करीत होतो. पानावर किती पदार्थ वाढले, यावर पाहुणचार मोजायची आपल्याला सवय लागली आहे. तिथे तो फेऱ्यांवर मोजतात : किती जण आले आणि आपण किती घरी जाऊन आलो. एका घराने साऱ्यांचा भार उचलायचा नाही. प्रत्येकाने थोडे करायचे आणि प्रत्येकाने खायचे. यंदा आपल्याही चाळीत, सोसायटीत चार घरांनी मिळून एक सकाळ अशी करून पाहावी. पोहे आपल्याकडे बारा महिने असतातच. उणे आहे ते दार ओढून शेजारी जाणे.