फ्लॅट, कुत्रा आणि त्याचा हक

पालक सभेत मुलांचे अक्षर, गणित आणि मोबाइल यांविषयी विचारणारे पालक आम्हांला नवे नाहीत. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र एक निराळाच प्रश्न कानावर येऊ लागला आहे. "सर, मॅडम, पोरं कुत्र्यासाठी हट्ट धरून बसलीत. फ्लॅटमध्ये चालेल अशी कोणती जात आहे का?" विचारणाऱ्यांत आपले मुस्लिम पालकही असतात. ते जरा आवाज खाली घेऊन विचारतात, एवढाच फरक.

आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. धाराशिवात (उस्मानाबादेत) तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढे आमचे घर. घरात आम्ही, मुलांची दादी, सातवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. हाच प्रश्न गेल्या वर्षी आमच्याही घरात आला. मुलीने वहीच्या पानावर पाच जातींची नावे लिहून आणली आणि म्हणाली, "यातली कोणती आणायची ते तुम्ही ठरवा." दादींचे उत्तर लगेच आले, "नको बाबा, नमाज की जगा है ये." मुलगी रडली नाही, पण दोन दिवस नीट जेवली नाही. तेव्हा तिच्या यादीचा आम्ही शाळेतल्या धड्यासारखा अभ्यास करायचे ठरवले. त्यातून जे हाती लागले, ते इतर घरांच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

आधी दीनचे बघू, कारण आपल्या घरांत पहिला प्रश्न तोच असतो. बहुतेक ठिकाणी चर्चा एका वाक्यात संपते: कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत. ही हदीस सहीह आहे, तिच्यावर आम्हांला काही म्हणायचे नाही. पण कुत्र्याविषयी तेवढेच सांगितलेले नाही. शिकारीसाठी, जनावरांच्या राखणीसाठी आणि शेतीसाठी कुत्रा ठेवण्याची परवानगी बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तशी काही गरज नसताना जो कुत्रा ठेवतो, त्याच्या पुण्यातून रोज एक कीरात, काही कथनांनुसार दोन, कमी होतात असेही तिथेच आहे. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावराने धरलेली शिकार हलाल ठरवली आहे. सूरह कहफमधल्या गुहेतल्या तरुणांसोबत त्यांचा कुत्राही होता आणि तो पुढचे पाय पसरून उंबऱ्याशी बसला होता, हे तर आपली लहान मुलेही सांगतात.

पाकीच्या बाबतीत मसलकांत फरक आहे. हनफी मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक, पण त्याचे कोरडे अंग लागले म्हणून कपडा नापाक होत नाही. कोकणातली आपली शाफई घरे संपूर्ण कुत्राच नापाक मानतात. मालिकी मत याहून सौम्य आहे. फतवा देणे हे आमचे काम नव्हे. ज्याने त्याने आपल्या मस्जिदीतल्या मौलाना साहेबांना विचारावे. आम्हीही विचारले. त्यांनी उलट आम्हांलाच विचारले, "गरज काय आहे?" राखणीची गरज खरी असेल तर अनेक उलेमा घराच्या राखणीसाठीही परवानगी देतात, हे त्यांनी सांगितले. आमच्या तिसऱ्या मजल्यावर राखायचे काय होते? लोखंडी जाळीचे दार आहे, समोर शेजारी आहेत, खाली वॉचमन आहे. म्हणजे गरज नव्हती, हौस होती.

मौलाना साहेबांचा तो प्रश्न आम्हांला जातींच्या अभ्यासातही उपयोगी पडला. कारण कुत्र्याची जात म्हणजे दुसरेतिसरे काही नसून माणसाची कधी काळची गरजच असते.

हे समजायला आपल्या जिल्ह्याची उस्मानाबादी शेळी पुरेशी आहे. काळी, काटक, उन्हाला न डगमगणारी, बाभळीच्या पाल्यावर भागवणारी आणि बऱ्याचदा जुळी करडे देणारी. ही जात इथल्या जमिनीने, इथल्या दुष्काळाने आणि इथल्या गरीब कुटुंबांच्या गरजेने घडवली. शेळी घेताना बाजारात कोणी रंगावर भुलत नाही. चारा काय, पाणी किती, गोठा कसा, हे आधी बघतात. कुत्रा घेताना मात्र मोबाइलवरचा फोटो बघून पसंती होते.

मुलीच्या यादीत पहिले नाव होते हस्की. हा सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढणारा कुत्रा. त्याच्या अंगावर दुहेरी केसांचे घोंगडे असते आणि रोज मैलोन्‌मैल पळायची ओढ असते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमकी दुपारीच वीज जाते. अशा वेळी त्या जिवाचे काय होईल?

दुसरे नाव पग. 2003 मध्ये हच मोबाइलच्या जाहिरातीत मुलाच्या मागेमागे फिरणारा तो चपट्या तोंडाचा कुत्रा घराघरांत पोचला. आकार लहान, पळायची फारशी हौस नाही, म्हणजे फ्लॅटला उत्तम असे वाटते. पण माणसाने हौसेपायी त्याचे नाक इतके आखूड केले, की धाप टाकणेच त्याला जड जाते. थंड हवेतही तो घोरल्यासारखा श्वास घेतो. आपल्या उन्हाळ्यात त्याला जपायचे तर दिवसभर पंखा-कूलर आणि जवळ माणूस हवे.

तिसरे लॅब्राडोर. स्वभावाने गोड आणि मुलांत रमणारा. पण त्याचे पूर्वज कॅनडाच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर पाण्यात काम करणारे. पूर्ण वाढलेला लॅब्राडोर पंचवीस-तीस किलोंचा किंवा त्याहून जास्त भरतो. त्याला सकाळ-संध्याकाळ चांगला पळवला नाही, तर तो फुगतो आणि त्याचे सांधे धरतात. चौथे बीगल. दिसायला लहान, पण सशाचा माग काढत मोठ्याने ओरडून शिकाऱ्याला बोलवायचे हे त्याचे काम. तो आवाज रानासाठी आहे. जिन्यात एकदा घुमला, की चारही मजल्यांवरची म्हातारी माणसे आणि अभ्यासाची मुले जागी होतात.

पाचवे नाव तिने बहुधा आमच्यासाठीच घातले असावे: कारवानी. हा आपला, दख्खनचा कुत्रा. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट, वेताच्या काठीसारखे पाय. व्यापाऱ्यांच्या कारवानांबरोबर आला म्हणून कारवानी, असे जुनी माणसे सांगतात. लातूर-उदगीरकडे अशाच बांध्याचा केसाळ पश्मी भेटतो, तर सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळचा कुत्रा. मुधोळच्या कुत्र्याचे तर 2005 मध्ये टपाल तिकीटही निघाले. कारवानी वास घेत हिंडत नाही, नजरेने शिकार धरतो आणि वाऱ्यासारखा पळतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर रानातली शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. पण कुत्र्याचे पाय त्या कायद्यापूर्वीचेच राहिले. शेतावर, वस्तीवर, मेंढरांमागे तो शोभतो आणि तिथे दीनची परवानगीही आहे. घरात तो शांत पडून राहतो हे खरे, पण दिवसातून एकदा तरी त्याला मोकळे रान लागते. वाहनांनी भरलेल्या रस्त्यावर त्याला सोडता येत नाही, कारण हलणारे काही दिसले की तो मागे धावतो.

मग फ्लॅटला बरा कोणता? या अभ्यासातून आमचे मत असे झाले: लहान किंवा मध्यम आकाराचा, आखूड केसांचा, नाक लांब असलेला, ऊन सोसणारा आणि वयाने थोडा मोठा, म्हणजे स्वभाव कळलेला. हे सगळे गुण ज्याच्यात एकत्र आहेत, तो आपला साधा गावठी कुत्रा. त्याची जात कोणी ठरवून घडवली नाही. इथल्या उन्हाने आणि उष्ट्या-खरकट्याने शेकडो पिढ्या त्याला निवडले. तो फुकट मिळतो, म्हणूनच बहुधा कोणी त्याचा फोटो दाखवून हट्ट धरत नाही.

पण जातीवर हिशेब संपत नाही. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. आमची मुलगी सातवीत आहे. दहावीनंतर ती लातूरला शिकायला जाईल, जिल्ह्यातली निम्मी हुशार मुले जातात तशी. मग पुढची सात-आठ वर्षे तो जीव कोणाचा? सकाळी दोघे शाळेत, मुले शाळेत, घरात गुडघे दुखणाऱ्या दादी. तीन मजले उतरून दिवसातून तीन वेळा त्याला बाहेर कोण नेणार? दादींच्या जानमाजची जागा कशी राखणार? एका बाईने मांजरीला बांधून ठेवले, स्वतः खायला दिले नाही आणि सोडलेही नाही. त्यापायी तिला शिक्षा झाली, ही हदीस आम्ही वर्गात कितीदा सांगितली आहे. बंद फ्लॅटमध्ये आठ तास एकट्या ठेवलेल्या कुत्र्याला वाटीभर खाणे मिळते, एवढाच काय तो फरक.

हे सगळे आम्ही मुलीसमोर बसून बोललो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ठीक आहे. पण खाली तो आहे, त्याचं काय?"

खाली होता एक पांढरा पॉमेरियन. आपल्याकडे ज्याला पॉमेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा भारतीय स्पिट्झ असतो. 1994 च्या 'हम आपके हैं कौन' चित्रपटातला टफी त्याच जातीचा. आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाने तो हौसेने आणला होता. त्यांची बदली झाली, नव्या गावी घरमालकाने कुत्रा चालणार नाही असे सांगितले आणि तो इथेच राहिला. ट्रक गेला त्या दिवसापासून तो फाटकाशी बसायचा. प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला उठायचा आणि पुन्हा बसायचा. केसांच्या गाठी झाल्या होत्या, कानात गोचीड होते. रस्त्यावरच्या कुत्र्यांत त्याला जागा नव्हती आणि वर कुठल्याच घरात नव्हती.

आमच्या घरात त्या रात्री बराच वाद झाला. वर आणायचे नाही, यावर दादी ठाम होत्या आणि आम्हीही. पण फाटकाशी बसलेल्या तहानलेल्या जिवाकडे बघून रोज शाळेत जायचे आणि मुलांना विहिरीत उतरून आपल्या मोज्यात पाणी भरून कुत्र्याला पाजणाऱ्या माणसाची गोष्ट शिकवायची, हे जमणार नव्हते. त्या माणसाची मगफिरत झाली. प्रत्येक जिवाच्या सेवेत सवाब आहे, हे पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी त्याच प्रसंगावरून सांगितले. दादींनीच मार्ग काढला. म्हणाल्या, "असहाबे कहफचा कुत्रा उंबऱ्यावर होता ना? मग हाही तिथंच राहू दे. उंबऱ्यावर त्याचा हक आहे."

इमारतीतली चार घरे एकत्र आली. त्यांत दोन आपली, दोन हिंदू भावांची. जिन्याखाली पोते आणि खोके ठेवले. जनावरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचली, जंताचे औषध दिले, नसबंदी करून घेतली. केस कापल्यावर तो निम्माच उरला. पाणी आणि खाणे वाराने वाटून घेतले. आमचा वार मंगळवार आणि शुक्रवार. भांडे वेगळे, धुण्याची जागा वेगळी. मुलगी त्याला भेटून आली की हात धुते, कपड्याला लाळ लागली असेल तर बदलते, मगच वर येऊन वुजू करते. दादी खिडकीतून बघतात आणि शुक्रवारी भाकरी जरा जास्तच थापतात.

हे काम नियमात राहून करायचे असते, हेही सांगायला हवे. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांना वाटेल तिथे खायला न घालता ठरलेल्या जागीच घालावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये म्हटले. त्यानंतर नोव्हेंबरात शाळा, दवाखाने आणि बसस्थानकांच्या आवारातून मोकाट कुत्रे हलवण्याचा आदेशही आला. शाळेत लहान मुले सांभाळणाऱ्या आम्हांला तो पटतो. दया करताना दुसऱ्याच्या मुलाला धोका होणार नाही, हे बघणेही दयेतच येते.

रेबीजबद्दल तर घराघरांत सांगितले पाहिजे. हा रोग एकदा अंगात उठला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर टळतो. कुत्रा चावला किंवा नख लागले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. लसीचे सगळे डोस पूर्ण करावेत. ओरडा बसेल म्हणून मुले लपवतात, म्हणून चावल्याचे सांगणाऱ्या मुलाला आधी रागावू नये.

आता पालक सभेत तो प्रश्न आला, की आम्ही जातीचे नाव सांगत नाही. आधी विचारतो: गरज काय? दिवसा घरी कोण असते? दहा वर्षांनी मुलगा कुठे असेल? बदली झाली तर त्याला बरोबर न्याल का? नमाजची जागा आणि त्याची जागा वेगळी ठेवता येईल एवढे घर आहे का? या पाचांची उत्तरे मनासारखी आली, मौलाना साहेबांशीही बोलणे झाले, तर गावठी पिल्लाचे किंवा कोणी सोडून दिलेल्या कुत्र्याचे नाव सुचवतो. शेत असेल तर कारवानीचे. उत्तरे आली नाहीत, तर मुलांना इमारतीच्या फाटकापर्यंत घेऊन जा, असे सांगतो. मातीचे एक पसरट भांडे, रोज ताजे पाणी आणि वर्षाला एक लस, एवढ्यानेही मुलांना एका जिवाची जबाबदारी कळते.

आमच्या मुलीने जातींची ती यादी अजून फाडलेली नाही. त्याच पानाच्या मागे तिने खालच्या कुत्र्याच्या पुढच्या लसीची तारीख लिहून ठेवली आहे.