इंग्रजीची बाई कोठे घडते?

नांदेडहून सिकंदराबादची गाडी धरली की धर्माबादपर्यंत आपलाच मुलूख. धर्माबाद सुटले की फलाटावरच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरे येतात, बासरपाशी गोदावरी ओलांडली जाते आणि डब्यातली मराठी हळूहळू कमी होते. तरी मराठवाड्याच्या माणसाला हैदराबाद परके वाटत नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्याच राज्यात होतो. आजही नांदेडची रेल्वे सिकंदराबादच्या कचेरीतूनच चालते. दवाखान्यासाठी हैदराबाद, खरेदीसाठी हैदराबाद, हे आम्हाला ठाऊक होते. शिक्षिका होण्यासाठी हैदराबाद, हे मात्र या खेपेला प्रथमच.

सोबत आमची पुतणी होती. तिचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधू, मोंढ्यात हमाली करतात. पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून इंग्रजी घेऊन एम.ए. झाली. आता तिला इंग्रजीची शिक्षिका व्हायचे आहे. पण शिक्षिका व्हायचे म्हणजे नेमके कोठे जायचे आणि कोणता कागद आणायचा, यावर आमच्या घरात दोन महिने खल चालला होता.

वाटा बऱ्याच सांगितल्या गेल्या. तालुक्याच्या एका खासगी बी.एड. कॉलेजचा माणस घरी येऊन गेला. ‘फी भरा, हजेरीची काळजी करू नका, परीक्षेपुरते या,’ असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या एका संस्थेने तर बी.एड. नंतरच्या नोकरीचाही भाव सांगून टाकला. तो आकडा बंधूंच्या दोन वर्षांच्या कमाईपेक्षा मोठा होता. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, माझी पोत मोडा, पण पोरीचं नक्की करा.” शिवाय पुतणीच्या मोबाईलवर रोज जाहिरात येई: घरबसल्या १२० तासांचा अभ्यास करा, इंग्रजी शिकविण्याचे प्रमाणपत्र मिळवा, परदेशी नोकरी करा.

आम्ही बी.कॉम. झालेलो कारकून. इंग्रजी साहित्यातले आम्हाला फारसे कळत नाही, पण कागद कळतो. कोणताही दाखला हाती आला की तो कोणी दिला आणि कोठे चालतो, हे दोन प्रश्न आम्ही प्रथम विचारतो. त्या हिशेबाने पाहिले तर आपल्या राज्यात पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, लागते. महाराष्ट्रात ती २०१३ पासून सुरू झाली. सहावी ते आठवीला शिकवायचे तर तिचा दुसरा पेपर द्यावा लागतो. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीसाठी एम.ए. आणि बी.एड. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आहे आणि त्या कॉलेजला एनसीटीईची मान्यता हवी. घरबसल्याचा १२० तासांचा कागद यात कोठेच बसत नाही.

केंब्रिजचे सेल्टा नावाचे प्रमाणपत्र आहे, ते मात्र निराळे. त्यातही तास साधारण १२०च, पण सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभे राहून शिकवावे लागते आणि अनुभवी माणूस मागे बसून ते तपासतो. खासगी भाषासंस्था आणि परदेशातल्या संस्था ते मानतात. पण फी लाखाच्या वर, केंद्रे मोठ्या शहरांत, आणि आपल्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत ते बी.एड.च्या जागी चालत नाही. ज्याला दुबई-मस्कतला जायचे आहे त्याने जरूर विचार करावा. हमालाच्या घरातून तो पहिला खर्च होऊ नये, असे आमचे मत आहे.

असो. सिकंदराबादला उतरून आम्ही मेट्रो धरली. सिकंदराबाद ईस्टहून मेट्टुगुडा, नंतर तारनाका, एवढाच प्रवास. पुढे रिक्षाने उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात शिरलो. रस्ते रुंद, झाडी भरपूर. आर्ट्स कॉलेजची गुलाबी ग्रॅनाइटची इमारत १९३९ ची. तिच्या कमानीपुढे उभे राहिले की मान आपोआप वर जाते. पुतणीने फोटो काढला आणि आपल्या आईला पाठविला.

हे विद्यापीठ १९१८ साली उघडले तेव्हा येथे सारे शिक्षण उर्दूतून होते. रसायन, वैद्यक, कायदा, सगळे उर्दूतून. त्यासाठी आदल्या वर्षी भाषांतराचे खातेच काढले होते. इंग्रजी होती, पण सक्तीचा विषय म्हणून. म्हणजे ज्ञान देशी भाषेतून आणि इंग्रजी स्वतंत्र विषय म्हणून नीट शिकायची, हा प्रयोग येथे शंभर वर्षांपूर्वीच झाला. मराठी मुलाला मात्र उर्दूही परकीच होती. मराठवाड्यातल्या पोराला दुहेरी चढण चढून येथे यावे लागे, आणि आपल्या समाजातले किती जण येथवर पोचले असतील, ते वाचकांनीच ताडावे. १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आलेले महाविद्यालय बाबासाहेबांनी का काढले, ते या आवारात फिरताना अधिक उमजते. याच उस्मानियाने जानेवारी १९५३ मध्ये बाबासाहेबांना सन्माननीय डी.लिट. दिली. पुतणीला आम्ही एवढेच सांगितले. ती बराच वेळ गप्प होती.

याच परिसरात आम्हाला पाहायची ती संस्था आहे. १९५८ साली केंद्र सरकारने सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश म्हणून ती काढली. कारण सरळ होते. स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या, इंग्रजी शिकणारी मुले वाढली, पण शिकविणारे तयार नव्हते. पुढे परदेशी भाषा आल्या आणि नाव सीआयईएफएल झाले. २००७ पासून ते इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी, म्हणजे ‘इफ्लू’ हे केंद्रीय विद्यापीठ आहे. शिलाँग व लखनौ येथेही आवारे आहेत. सुरुवातीच्या वर्षांत येथे संचालक होते वि. कृ. गोकाक. हे गोकाक कन्नडचे मोठे कवी, १९९० चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. आपल्या सांगलीच्या विलिंग्डनमध्ये आणि कोल्हापूरच्या राजाराममध्येही ते होते. आयुष्यभर मातृभाषेत लिहिणारा माणूस देशाला इंग्रजी कशी शिकवावी हे सांगत होता. ‘मराठी मीडियमची पोरगी कसली इंग्रजीची बाई होते?’ असे आमच्या गल्लीत विचारणाऱ्यांना हे सांगावेसे वाटते.

पुतणीच्या मनातली खरी भीती तीच होती. गाडीत ती म्हणाली, “काका, तिथं सगळे कॉन्व्हेंटचे असतील. मी तोंड उघडलं की कळंल त्यांना.”

आवारातल्या कॅन्टीनपाशी एक मुलगी फोनवर मराठीत बोलताना ऐकू आली. हिंगोलीकडची, बी.एड. करणारी. जयभीम झाला आणि आम्ही तिच्याकडूनच सगळे काढून घेतले. ती म्हणाली, “काका, उच्चार सुधारतेत. इथं तर तोंडात जीभ कुठं लागती ते बी शिकवतेत. अवघड ते नाही. अवघड आहे वर्गात उभं राहणं. पाठ टाचण कितीबी चांगलं काढा, आठवीची पोरं ते दहा मिनिटात उडवून लावतेत. मागच्या बाकावर मॅडम वहीत लिहीत बसतेत. तास संपला की विचारतेत, तू किती बोलली अन् पोरं किती बोलली?”

हा प्रश्न आम्हाला फार आवडला. आम्ही तो डायरीत लिहून घेतला.

उच्चाराचेही तिने सांगितले ते खरे आहे. याच संस्थेतले प्रा. बन्सल यांनी १९६९ साली भारतीयांचे इंग्रजी दुसऱ्यांना किती समजते यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोटाळा होतो तो पुष्कळदा शब्दात जोर भलत्या जागी दिल्याने आणि वाक्याची लय बिघडल्याने. म्हणजे साहेबासारखा आवाज काढण्याची गरज नाही, जोर कोठे द्यायचा ते शिकावे. आणि आपले मूल कोठे अडखळते हे मराठीतून आलेल्या बाईला जास्त कळते. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ या इंग्रजी उपपदांना जोड नाही, म्हणून पोरे ती गाळतात. आपले क्रियापद शेवटी, त्यांचे मध्ये. व्ही आणि डब्ल्यू आपल्याला दोन्ही ‘व’च. पुतणी स्वतः यातून गेलेली आहे. कॉन्व्हेंटच्या बाईला हे पुस्तकात वाचावे लागेल.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधी पाचवीपासून होती. निर्णय एका वर्षात झाला, शिक्षक एका वर्षात कसे तयार होणार? ज्यांनी स्वतः पाचवीत ए-बी-सी गिरविली त्यांच्यापुढे सहा वर्षांची पोरे बसविली. त्याचे फळ आपल्या वस्तीतली मुले भोगत आहेत. पालक पोटाला चिमटा घेऊन इंग्रजी शाळेत घालतात, आणि तेथल्या बाईलाही कोणी शिकवायला शिकविलेले नसते.

बी.एड.च्या दोन वर्षांत वीस आठवडे शाळेत काढायचे असतात, त्याला आंतरवासिता म्हणतात. नियम सगळीकडे तोच. तालुक्याच्या त्या माणसाने ‘परीक्षेपुरते या’ म्हटले, म्हणजे हेच वीस आठवडे तो विकत होता. पोत मोडून आम्ही विकत घेणार होतो ते न शिकणे.

आता कारकुनी तपशील. इफ्लूत प्रवेश परीक्षेने होतो. दरवर्षीची सूचना पाहून अभ्यासक्रम, तारखा आणि फी ताडून घ्यावी. केंद्रीय विद्यापीठ असल्याने अनुसूचित जातींना १५ टक्के जागा आहेत. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही त्या लागू आहेत, पण जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला हवा. राज्याचा दाखला दाखवून ऐन वेळी परत फिरलेली पोरे आम्ही पाहिली आहेत. तहसीलला आधीच अर्ज टाकावा. बाहेरच्या राज्यात शिकले तरी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आपल्या राज्यातूनच मिळते. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. वसतिगृहाची चौकशी प्रवेशाच्या आधी करावी, नंतर नव्हे.

पुतणीने इफ्लूचा अर्ज भरला. एकाच दोरावर लोंबकळू नये म्हणून राज्याच्या बी.एड. सीईटीचाही भरला, त्यात पहिल्या पसंतीला सरकारी कॉलेज. टीईटीचा अभ्यास चालू आहे. पोत वहिनींच्या गळ्यात आहे.

दरम्यान तिने विहारात रविवारी सकाळी सातवी-आठवीच्या पोरांचा वर्ग सुरू केला. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरकडे एन. एस. प्रभू यांनी साध्या शाळांत एक प्रयोग केला होता. व्याकरण घोकविण्याऐवजी मुलांना नकाशे, रेल्वेचे वेळापत्रक असले काही द्यायचे आणि त्यावरची कोडी इंग्रजीतून सोडवून घ्यायची. पुतणीने एम.ए.ला ते वाचले होते. नांदेड स्थानकाचे वेळापत्रक तिने फळ्यावर लिहिले. कोणती गाडी आधी, कोणती उशिरा, परभणीला कोण थांबते, हे पोरे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागली. आम्ही मागे बसतो. उच्चारातले आम्हाला कळत नाही, पण घड्याळ लावून बाई किती बोलली आणि पोरे किती बोलली एवढे लिहिता येते. पहिल्या रविवारी तासाभरात पोरांच्या वाट्याला चार मिनिटे आली होती. परवा अकरा झाली.