चाळीस दिवसांतला ताप

बाळंतपणानंतरच्या चाळीस दिवसांना आपल्या घरांत 'चिल्ला' म्हणतात. निफासच्या काळात बाळंतिणीला नमाज माफ असते, रोजे नंतर कजा करायचे असतात. हनफी मतानुसार निफासची जास्तीत जास्त मुदत 40 दिवस, शाफई मतानुसार 60 दिवस. रक्तस्राव त्याआधी थांबला तर गुसल करून नमाज सुरू करायची. हे मसले आपल्या खाला-फुफींना तोंडपाठ असतात. पण याच दिवसांत ताप आला तर काय करायचं, याचं उत्तर मात्र घरोघरी वेगळं मिळतं. कुणी म्हणतं दूध उतरतंय, कुणी म्हणतं वारं लागलं, आणि कुणी म्हणतं, 'नजर लगी होगी.'

तीन वर्षांपूर्वी माझी धाकटी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, आमच्याकडे लोणी काळभोरला आली होती. सिझेरियन झालं. मुलगी झाली. चौथ्या दिवशी सगळे आनंदाने घरी आलो. सहाव्या दिवशी मगरिबनंतर तिला थंडी वाजून ताप भरला, 103 पर्यंत. गोळी दिली, घाम आला, ताप उतरला. सकाळी ती हसत मुलीला दूध पाजत होती. संध्याकाळी पुन्हा तेच. अम्मींना वाटलं, दुधाचा ताप. पण छाती मऊ होती, दुखत नव्हती. टाके कोरडे होते. लघवीची तपासणी झाली, मलेरिया आणि डेंग्यूची झाली. काहीच निघालं नाही. तीन दिवस शिरेतून अँटिबायोटिक दिली, तरी संध्याकाळचा ताप चुकेना. तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं, "आता स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या, आजच." रात्री सोलापूर रस्त्याने, हडपसरची गर्दी ओलांडत आम्ही पुण्यात पोहोचलो.

स्कॅनमध्ये दिसलं की उजव्या अंडाशयाकडून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली होती आणि तिच्यात जंतूंचा संसर्ग होता. या आजाराचं नाव लांबलचक आहे, सेप्टिक पेल्व्हिक थ्रॉम्बोफ्लेबायटिस. डॉक्टरांनी तो साध्या शब्दांत समजावला. गरोदरपणात बाईचं रक्त लवकर गोठू लागतं. बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून अल्लाहने केलेली ही सोय आहे. गर्भाशयाभोवतीच्या शिरा त्या काळात फुगून मोठ्या होतात. मूल बाहेर आलं की त्यांतला रक्ताचा वेग एकदम मंदावतो. त्यात गर्भाशयातले जंतू शिरेच्या भिंतीपर्यंत पोहोचले, तर तिथे गुठळी धरते. हे बहुतेक वेळा उजव्या बाजूला होतं. गुठळीत जंतू दडून बसतात, म्हणून नुसत्या अँटिबायोटिकने ताप हटत नाही. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेतू शकतं. आजार विरळा आहे, काही हजार बाळंतपणांत एखादा. सिझेरियननंतर त्याचं प्रमाण जास्त. उपाय म्हणजे अँटिबायोटिक चालू ठेवून जोडीला रक्त पातळ करणारं औषध देणं. ते औषध हेपरिन.

इथे एक प्रश्न उभा राहिला. सोबत आलेल्या एका नातेवाइकाने सांगितलं, "हे इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून बनतं." नंदोई गप्प झाले. नणंदेने माझा हात धरून विचारलं, "भाभी, ये लेना जायज है ना?"

ती माहिती खोटी नव्हती. आज वापरात असलेलं बहुतेक हेपरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासूनच काढतात. आम्ही ओळखीच्या एका मौलानांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "दुसरं औषध आहे का, डॉक्टर काय म्हणतात?" डॉक्टरांचं उत्तर असं होतं की प्रयोगशाळेत तयार केलेलं एक औषध आहे, पण नुकतंच ऑपरेशन झालेल्या बाईला रक्तस्राव सुरू झाला तर औषधाचा असर लगेच थांबवता यायला हवा, आणि ते हेपरिनमध्येच जमतं. मौलाना म्हणाले, "मग लगेच द्या. जान वाचवणं आधी."

घरी आल्यावर मी वाचलं. सूरह बकराची 173 वी आयत हराम वस्तू सांगते आणि त्यातच नाइलाज झालेल्याला, जो हद्द ओलांडत नाही त्याला, सूट देते. डिसेंबर 2003 मध्ये मक्केतल्या राबिता आलमे इस्लामीच्या फिकह परिषदेनेही हलाल पर्याय पुरेसा नसेल तेव्हा डुकरापासून बनलेलं हेपरिन वापरायला परवानगी दिली आहे. पर्यायाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं, तो आपला हक्क आहे. पण उत्तर मिळेपर्यंत सुई अडवून ठेवू नये.

तिसऱ्या संध्याकाळी ताप आला नाही. अल्हम्दुलिल्लाह, काही आठवड्यांच्या औषधांनंतर ती पूर्ण बरी झाली.

आपल्या आज्या या तापाला 'बाळंतरोग' म्हणत आणि त्यापुढे काही बोलत नसत. इलाजच नव्हता. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा एप्रिलमध्ये शंभरात 18 माता दगावत होत्या, त्या जूनमध्ये 2 वर आल्या. पुढे अँटिबायोटिक आली, हेपरिन आलं. त्याआधी अशा गुठळीसाठी सर्जन पोट उघडून शिरा बांधत. आज हे सगळं हाताशी आहे. उशीर होतो तो घरात.

म्हणून बहिणींनो, चिल्ल्याच्या सामानात सुंठ-डिंकाबरोबर एक थर्मामीटर ठेवा. ताप 100.4 किंवा त्याहून वर गेला तर नजर उतरवत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. घाण वासाचा स्राव, ओटीपोटात दुखणं, दम लागणं, एकाच पायाला सूज, ही लक्षणं दिसली तरीही थांबू नका. दुआ जरूर करा, पण गाडीत बसून. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशाताई घरी येते. तिला दारातूनच 'सब ठीक है' सांगून परत पाठवू नका, बाळंतिणीपर्यंत जाऊ द्या. आणि चाळीस दिवस पलंगावर पडून राहणं म्हणजे आराम नव्हे. डॉक्टरांनी सांगितल्यावर घरातल्या घरात चालणं आणि भरपूर पाणी पिणं, याने रक्त साकळत नाही.

नवरे आणि सासऱ्यांनाही एक सांगायचं आहे. रात्री गाडी काढायची की सकाळची वाट पाहायची, हे बहुतेक घरांत तुम्ही ठरवता. 108 ला फोन केला तर अँब्युलन्स मोफत येते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं आणि तपासण्या 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. शरीअतने त्या दिवसांत बाईवरून नमाजचाही भार उतरवला आहे. तिच्या तापाची फिकीर तरी तिच्या एकटीवर सोडू नका.