आजीची कोळशाची रेघ

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, "धातूला सोसवेल त्याच्या निम्माच ताण दिला, पण वर्षानुवर्षे दिला, तर तो लांबेल काय?"

"नाही सर."

"आणि तापवून दिला तर?"

"वितळेपर्यंत नाही सर," मी ठासून सांगितले. परीक्षकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचे गुण पुढे गुणपत्रिकेत उतरले.

अभिमान दुखावला होता. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून हातभर सोल्डरची तार आणली, माजघरातल्या खुंटीला टांगली आणि टोकाला अर्ध्या किलोचे वजन बांधले. तार ढिम्म! आजीने वजनाच्या तळाशी भिंतीवर कोळशाने रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "अरे, उतरलंय बघ की!"

इंग्रजीत याला क्रीप म्हणतात. आपण सरपटणे म्हणू. सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते. निरपेक्ष मापाने ते ४५६ अंश आणि आमचे माजघर ३००. म्हणजे वितळण्याचा दोनतृतीयांश रस्ता तारेने खुंटीवरच कापलेला! बिचारीला आमचे घर भट्टीच.

जेट इंजिनातल्या टर्बाइनच्या पात्याचे दुःख हेच. ते निकेलच्या मिश्रधातूचे असते. त्याच्याभोवतीचा वायू त्या धातूच्या वितळणबिंदूहूनही तप्त असतो; पात्याच्या पोटातील बारीक वाटांनी हवा खेळवून ते कसेबसे जगवतात. त्यातच मिनिटाला हजारो फेऱ्या, आणि प्रत्येक फेरी पात्याला बाहेर ओढणारी. अशा उष्णतेत धातूचे कण त्यांच्या सीमांवरून एकमेकांवर घसरतात. मग सीमाच नकोत म्हणून अख्खे पाते एका स्फटिकाचे ओततात. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० पाती दिली. तरीही सरपटणे मंदावते, थांबत नाही. पाते फार लांबले तर कवचाला घासेल, म्हणून त्याचे तास मोजलेले असतात. ते भरले की दिसायला धडधाकट पातेही उतरवतात.

आमची तार सुरुवातीला भराभर उतरली, मग दिवसाला जेमतेम नखभर. मी कंटाळून पाहणे सोडले. आजीने रेघा सोडल्या नाहीत. शेवटच्या दोन रेघांतले अंतर एकाएकी वाढले. "आता काही खरं नाही हिचं," ती म्हणाली. त्या रात्री वजन धाडकन पडले, आजीची लोणच्याची बरणी थोडक्यात वाचली. तुटलेले टोक सुईसारखे निमुळते झाले होते.

पुरवणी परीक्षेला ते टोक खिशात घेऊन गेलो. परीक्षक तेच होते. त्यांनी गंजण्यावर प्रश्न विचारले.