गुलाबी कागदातलं सोनं

आमच्या घरातला सोन्याचा डाग कधी मखमली डबीत राहिला नाही. सराफाकडचा पातळ गुलाबी कागद, आत कापसाची घडी, वरून दोरा, आणि अशा सगळ्या पुड्या मिळून एका पितळी डब्यात. थोरल्या काकू, आई आणि धाकट्या काकू, तिघी जावांचं सोनं त्या एकाच डब्यात असे. कोणती पुडी कुणाची हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, तरी कधी चूक झाली नाही. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा हे आम्हां भावंडांच्या कानावर पाढ्यांच्याही आधी पडलं.

पारख घरच्या सोनाराची. काळ्या कसोटीवर एक रेघ ओढून तो म्हणे, ‘वहिनी, चोख आहे.’ विषय संपला. ज्यानं घडवायचं त्यानंच पारखायचं आणि मोडीतही त्यानंच घ्यायचं, यात त्या पिढीला काही वावगं वाटलं नाही.

सल होता तो आईच्या पाटल्यांचा. लग्न १९६४चं. पाटल्या तांबूस दिसत. सोनारानं तांबं घातलं, हे आजीचं वाक्य घरात कायमचं राहिलं. हळदीकुंकवाला गेली की आई मनगटावर पदर ओढून घ्यायची. बोलली कधीच नाही.

आई गेली, पाठोपाठ थोरल्या काकूही. वाटणीची वेळ आली तेव्हा चुलत बहिणीनं हट्ट धरला, किंमत दुकानात करायची नाही. जो विकत घेणार नाही आणि विकणारही नाही, अशा सरकारमान्य मूल्यांकनकाराकडे जायचं. फी दर नगामागे ठरलेली हवी, टक्केवारी नको. किमतीबरोबर ज्याची फी वाढते त्याचा आकडा निःपक्ष कसा मानायचा, हा तिचा प्रश्न मला अगदी पटला. ब्याऐंशी वर्षांच्या धाकट्या काकूंना बरोबर घेऊन आम्ही गेलो.

साजाचं वजन भरलं ते लाखेसकट. कस सांगणारं मशीन वरचा थर तेवढा वाचतं, आतली लाख त्याला दिसत नाही, म्हणून तिचं वजन वजा धरावं लागलं. मग पाटल्या. सोनं निघालं अठ्ठावन्न टक्के. ते गृहस्थ म्हणाले, ‘लग्न कोणत्या साली?’ साल ऐकून त्यांनी मान हलवली. १९६३च्या जानेवारीत, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रण आलं. नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायचा नाही, असा नियम झाला. ही अट उठली १९६६मध्ये. चौदा कॅरेट म्हणजेच अठ्ठावन्न टक्के. सोनारानं कायद्याप्रमाणे, मापात चोख काम केलं होतं. त्या नियमानं कितीएक सोनारांच्या बागेसऱ्या विझल्या, आणि आमच्या घरात मात्र आमचा सोनार साठ वर्षं चोर ठरला होता. काकूंनी पाटली हातात घेतली, पदरानं पुसली आणि खाली ठेवली.

मोत्याच्या कुड्या पणजीच्या. मधला लाल खडा म्हणजे अस्सल माणिक, ही घरातली श्रद्धा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वळणदार रेघा दिसल्या. ‘म्हणजे काच?’ काकूंचा आवाज अगदी बारीक झाला. ‘नाही काकू, काच नाही. माणिकच, पण खाणीतलं नव्हे, ज्योतीत तयार केलेलं.’ व्हर्नुई नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ही रीत १९०२मध्ये जगापुढे आणली आणि असे खडे जगभर दागिन्यांत बसले. मोती नैसर्गिक की कल्चर, हे क्ष-किरणांखालीच कळेल म्हणून कुड्या प्रयोगशाळेत पाठवल्या.

काकूंची पाचूची अंगठी एका दुकानातून धुऊन आली तेव्हापासून पडळ आल्यासारखी दिसे. खडा बदलला, असंच आम्ही धरून बसलो होतो. खडा तोच होता. पाचूच्या चिरा झाकायला त्यात तेल मुरवतात, ही जुनी आणि मान्य रीत आहे. धुण्याच्या थरथरत्या मशीनमध्ये ते तेल निघून गेलं. तेल पुन्हा भरता येतं. पण विकताना ते सांगितलं पाहिजे आणि पावतीवर लिहिलंही पाहिजे. माणकाचंही असंच. रंग खुलवायला नुसती आच दिलेली असेल तर तो रंग टिकतो. पण चिरांत शिशाची काच भरलेलं माणिक लिंबाच्या रसानंही बिघडतं, आणि डाक देताना ज्योत लागली तर गेलंच. भाव दोन्हींचे अगदी वेगळे, दिसायला मात्र दोन्ही लालच. नुसत्या डोळ्यांनी पाहून घेतलं तर फसगत ठरलेली.

आता प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी आहे. वजन, कस, खडा, त्याच्यावर केलेली प्रक्रिया, आणि काकूंनी सांगितलेलं, कुणाचं काय मोडून काय केलं ते. तुमच्याही घरी असा डबा असेल, तर घरातली जुनी माणसं आहेत तोवर तो त्यांच्यासमोर उघडा. आईच्या पाटल्यांबद्दल आम्हाला कळलं, ते आईला सांगायचं राहून गेलं.